उंबऱ्याबाहेरची घागर

अक्षय तृतीयेला आंजी गावात घरोघर पितरांच्या नावानं पाण्याची घागर मांडतात. धुरपताबाई दोन मांडायच्या. एक आत देवापाशी, सासरच्या पितरांची. दुसरी उंबऱ्याबाहेर, साहेबाची.

साहेब म्हणजे विलायतेतला लॉर्ड. इंग्रजांच्या काळात शिकारीला आला आणि तापानं इथंच गेला. धुरपताबाईंचे आजेसासरे त्याचे खानसामे. माझी माणसं येईपर्यंत मला पाणी दे, असं तो जाताना त्यांना म्हणाला होता. आता परक्याचा पितर घरात कसा घ्यायचा? म्हणून घागर बाहेर. नवरा ताराचंद गेल्यावर भावकीनं नाकं मुरडली, पण बाईंनी ती सोडली नाही. पोटी मूलबाळ नव्हतं, कुणाची तरी वाट बघायला हवीच होती. सेवाग्राम बघायला आलेला एखादा गोरा दिसला, की त्यांचं काळीज लक्कन हलायचं.

यंदा पुतणी माधवी घागरीशेजारी मोबाईल घेऊन बसली.

"मोठीआई, सापडले! एल्डरविकचे लॉर्ड. आपल्या साहेबाचं नाव एडवर्ड. त्याच्या पणज्याले राजानं लढाईसाठी किताब देल्ला होता."

"आता कोण हाय तिथं? येतीन का कोणी?"

माधवीला सांगवेना. "कोणीच नाई वं. याचं लगन नव्हतं झालं. भाऊ पयलेच लढाईत मेला. किताब याच्यासंगंच बुडाला."

"बहीण नव्हती?"

"होती. पण तिथं बाईले किताब भेटत नव्हता. तिलेही लेकरूबाळ नाई."

"मोठे शहाणे!" बाई फणकारल्या आणि घागरीपाशीच खाली बसल्या. उभ्या जन्माची वाट संपली होती. त्यांनी डोळ्याला पदर लावला, अगदी घरचं कुणी गेल्यासारखा.

"मंग माह्यासारखंच झालं की त्याचं," त्या म्हणाल्या.

थोड्या वेळानं त्या उठल्या. बाहेरची घागर कमरेवर घेऊन उंबरा ओलांडला आणि देवापाशी दुसऱ्या घागरीला टेकवून ठेवली. आंबा वाहिला.

"ताराचंदले पाणी. एडवर्डले पाणी." उखाण्याशिवाय नवऱ्याचं नाव त्यांनी जन्मात पहिल्यांदा घेतलं.

मग माधवीचा हात ओढून घागरीवर ठेवला. "पुढं तू भरजो. माहीही."

"भावकी म्हणन, पोरीच्या हातचं पाणी चालत नाई."

"म्हणू दे," धुरपताबाई म्हणाल्या. "तिकडंही असंच म्हणत होते."