पिशोरच्या रस्त्यावर अडलेला कार्बोरेटर

मित्रांनो, मी जुना आहे, मोटरसायकलचा कार्बोरेटर आहे, आणि मला एका जागी थांबवत नाही, हे आधीच सांगून टाकतो. इंजिन चालू असेल तर मी खूश. गाडी स्टँडवर लागली की माझा जीव वर-खाली होतो. लहान मुलाला वर्गात मांडी घालून बसवल्यावर जे होतं, तेच माझं होतं.

एका कारखान्यात वितळलेला धातू साच्यात ओतला आणि मी बाहेर पडलो. माझं काम ऐकायला सोपं आहे. पिठात मीठ घालावं, तसं हवेत बेताचं पेट्रोल मिसळायचं आणि इंजिनाकडे पाठवायचं. हे बेताचं पेट्रोल ज्यातून येतं, तो जेट माझ्या पोटात असतो. जेट म्हणजे पितळेचा बारकासा स्क्रूच, फक्त मधोमध केसाएवढं भोक असलेला. ते भोक बुजलं की माझा सगळा रुबाब संपला.

माझा मालक भिकन. तो शहरात, पुंडलिकनगरात एका खोलीत भाड्याने राहायचा आणि चितेगावच्या एका कंपनीत कामाला जायचा. त्याचे वडील मल्हारी आणि आई बानाबाई मात्र पिशोरच्या बाजूला, शेतात बसवलेल्या मेंढ्यांच्या वाड्यावर. साठ मेंढ्या होत्या त्यांच्या. भिकनला शहराचं वारं लागलं होतं, आपल्याला सगळं येतं असं त्याला वाटायचं. गाडी मेकॅनिककडे न्यायची म्हणजे त्याला कमीपणा वाटे. माझी सफाई तो घरीच करायचा.

पहिल्यांदा त्याने मला रॉकेलमध्ये भिजवून दात घासायच्या जुन्या ब्रशने घासलं. मला गुदगुल्या झाल्या, पण मळ काही हलला नाही. मग कुणीतरी चिंच सांगितली. त्याने माझ्यातलं पेट्रोल काढून टाकलं, रबराच्या चकत्या बाजूला ठेवल्या आणि मला चिंचेच्या पाण्यात चांगलं उकळलं. बाहेर आलो तो असा लखलखीत, की गल्लीतली माणसं बघायला जमली. ज्याने त्याने मला हातात घेऊन उन्हात धरलं. खोटं कशाला बोलू, मी फार चढलो होतो. भिकनही चढला होता. पुढे तो चिंचेऐवजी लिंबू वापरू लागला आणि सायकलच्या पंपाने माझी भोकं फुंकू लागला. हे फुंकणं सगळ्यात महत्त्वाचं, कारण आत काही राहिलं तर ते तेव्हाच निघतं.

चैत्रातल्या एका सुट्टीच्या दिवशी मी असाच लिंबाच्या पाण्यात उकळत होतो, तोच बानाबाई दारात येऊन उभी राहिली. ती पहाटेच्या एसटीने आली होती. पायातल्या वहाणाही तिने काढल्या नाहीत.

"भिक्या, शेजारच्या वाड्यात रोग आलाय. त्यांच्या अकरा मेंढ्या गेल्या," ती म्हणाली. "आपल्या अजून धड हायेत, पण डाक्टर म्हणतो आजच्या आज लस टोचली तरच वाचतील. तिकडं लस संपलीय. इथून घेऊन चल."

"माय, गाडी खोललेली हाय."

"मग जोड की. तुझा बाप तिथं एकटाच हाय."

भिकनने मला उकळत्या पाण्यातून चिमट्याने ओढून काढलं. पुसायला फडकं सापडेना. कोपऱ्यात लोकर पडली होती, उशी भरायला आईनेच दिलेली. धनगराच्या घरात हाताशी दुसरं काय येणार? त्याने लोकरीचा एक बोळा घेतला, मला आतून-बाहेरून घाईघाईने पुसलं आणि गाडीला बसवून टाकलं. पंप खिळ्याला टांगलेला तसाच राहिला. मी ओरडू शकलो असतो तर ओरडलो असतो.

औषधाच्या दुकानात लस मिळाली. दुकानदाराने ती बर्फ घालून थर्मासमध्ये ठेवली आणि बजावलं, की बर्फ संपला की ही लस पाणी समजायची, मग टोचून उपयोग नाही. बानाबाईने थर्मास पदराखाली पोटाशी धरला आणि ती मागे बसली.

फुलंब्रीपर्यंत मी पळत होतो. पण माझं मन थाऱ्यावर नव्हतं. आत काहीतरी हुळहुळत होतं. पिशोरच्या रस्त्याला लागल्यावर एका चढावर मला ठसका बसला. दुसरा बसला. मग गाडी बंद पडली. भिकनने किक मारमार मारली. गाडी सुरू व्हायची, दहा पावलं जायची आणि पुन्हा मान टाकायची. पंधरा किलोमीटर राहिले होते आणि ऊन डोक्यावर आलं होतं. एक जीप आली, पण टपापर्यंत भरलेली. ती थांबली नाही.

बानाबाईने थर्मास कानाशी नेऊन हलवला. "बर्फ वाजतोय अजून," ती म्हणाली. पाच मिनिटांनी तिने पुन्हा हलवला आणि त्याच्याभोवती पदर आणखी घट्ट गुंडाळला.

भिकनने माझी खालची वाटी उघडून जेट काढला आणि उजेडाकडे धरला. भोकातून आभाळ दिसत नव्हतं. तोंडाने फुंकून पाहिलं, काही झालं नाही. मग त्याची नजर आईच्या गळ्यातल्या पोतीला अडकवलेल्या सेफ्टी पिनकडे गेली.

"माय, ती पिन दे."

मित्रांनो, त्या क्षणी मी जेवढा भ्यालो तेवढा कधीच भ्यालो नाही. पितळ मऊ असतं. पोलादाची पिन जोराने घुसली की भोक कायमचं मोठं होतं. मग पेट्रोल बेताने येत नाही, भसाभस येतं. वाड्यावर पोचणं तर सोडाच, माझा जन्मच फुकट गेला असता.

पण बानाबाईने पिन काढली नाही.

"मेंढीच्या कासेचं सड बुजलं तर दाभण घालते का मी?" ती म्हणाली. "कडक वस्तू घातली की आतून फाटतं. मग ती मेंढी जन्माची गेली. थांब जरा."

बांधावर पुंजाराम नावाचा एक शेतकरी म्हैस चारत होता. बानाबाई तरातरा गेली आणि तिने म्हशीची शेपटी धरली.

"ओ बाई, शेपटी कामून धरली?" पुंजाराम उठून उभा राहिला.

"एक केस दे बाबा. गाडीला पायजे."

"गाडीला?"

"व्हय. वाड्यावर मेंढ्या मरायला लागल्यात."

पुंजारामने गाडीकडे पाहिलं, तिच्या तोंडाकडे पाहिलं. "मग चांगले चार घ्या," तो म्हणाला. "पण मागं उभ्या राहू नका, लाथ मारती."

बानाबाईने केस भिकनला दिला नाही. स्वतःच खाली बसली, जेट चिमटीत धरला आणि केस हलक्या हाताने आत सरकवला. ढकलला नाही, नुसता फिरवत राहिली. मला बरं वाटायला लागलं. पलीकडून केस बाहेर आला, तेव्हा त्याच्या टोकाला लोकरीचा एक पांढरा तंतू होता. भिकनने तो बोटावर घेतला. त्याचं तोंड उतरलं. घरी पंप मारला असता तर हे झालंच नसतं, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

"माय, माझ्यामुळंच झालं," तो म्हणाला.

"मला बी घाई झाली व्हती," बानाबाई म्हणाली. "किक मार."

भिकनने जेट आणि वाटी परत बसवली आणि पहिल्याच किकला मी उठलो. ते पंधरा किलोमीटर मी जसा धावलो, तसा आयुष्यात धावलो नाही. वाड्यावर डॉक्टरांनी थर्मास उघडून आत पाहिलं. सुपारीएवढा बर्फ उरला होता. "चालतंय," ते म्हणाले आणि त्यांनी बाह्या वर केल्या. मल्हारी एकेक मेंढी धरत गेला. पुढच्या महिन्याभरात दोन मेंढ्या गेल्या, अठ्ठावन्न राहिल्या. शेजारच्या वाड्यात मात्र फक्त नऊ उरल्या होत्या.

आता भिकनकडे नवी गाडी आहे. तिला कार्बोरेटर लागतच नाही. मी जुन्या गाडीसकट पत्र्याच्या शेडमध्ये उभा आहे. माझ्या पोटात पेट्रोल तसंच राहून गेलंय, त्याचा चिकट राळेसारखा थर होत चाललाय. मित्रांनो, तुमच्या घरी अशी गाडी असेल, तर तिच्यातलं पेट्रोल काढून ठेवा, सुती फडक्याने पुसा, पंपाने फुंका, आणि घाई असली तरी यातलं काही टाळू नका. भिकनलाही कुणीतरी एवढं सांगा. पिशोरला मेंढ्या अजून आहेत. कधीतरी कुणी घाबरून दारात येईल, तेव्हा मला पहिल्या किकला उठायचं आहे.