तिजोरीचं दार

राजधानीतल्या जुन्या बँकांच्या रस्त्यावर एक तरुण मार्गदर्शक दर रविवारी सकाळी लोकांना फिरवायची. आधी शेअर बाजाराचा घुमट, मग टांकसाळीची कमान आणि शेवटी, आता संग्रहालय झालेल्या थोरल्या बँकेची तळघरातली खोलीएवढी तिजोरी. तिचे वडील त्याच बँकेत तीस वर्षं पहारेकरी होते. तेही सोबत यायचे, पण तळघराचा जिना आला की त्यांचे गुडघे दुखायला लागायचे.

गुडघे ठणठणीत होते. तरुणपणी एकदा लागून आलेल्या सुट्ट्यांत ते त्या तिजोरीत दीड दिवस अडकले होते. हे त्यांनी बायकोलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

त्या रविवारी ते वर बाकावर बसले होते. एकदम खालून धप्पकन आवाज आला. ओळखीचा आवाज. पाठोपाठ संग्रहालयाची व्यवस्थापक बाई धापा टाकत वर आली.

"काका, कुणीतरी गंमत म्हणून आतून दार ओढलं! दाराचं चाक हलत नाही. कारागीर दोन तासांनी येतो म्हणतोय."

"आत कितीजण?"

"तुमच्या लेकीसकट दहा."

दोन तासांत हवा संपणार नव्हती, हे त्यांना ठाऊक होतं. दार लागलं की आतला दिवा विझतो आणि त्या अंधारात माणसाचं काय होतं, तेही ठाऊक होतं. ते उठले. भिंत धरून एकेक पायरी उतरले. लोखंडाचा आणि तेलाचा तोच वास आला. आतून आवाज नव्हता. तेव्हा आपलं ओरडणंही असंच कुणाला ऐकू गेलं नसणार!

चाकाखालच्या पितळी पट्टीमागे जुन्या पहारेकऱ्यांनाच ठाऊक असलेली एक खिट्टी होती. घामेजल्या बोटांतून ती दोनदा निसटली. तिसऱ्यांदा उचलली गेली, चाक फिरलं, नऊजण धडपडत बाहेर आले.

"बाबा, तुम्ही खाली?" लेकीचा चेहरा पांढराफटक पडला होता. "एक आजी आत राहिल्यात. उठतच नाहीत."

ते व्यवस्थापक बाईला म्हणाले, "दाराला पाठ लावून उभ्या राहा. जग बुडालं तरी हलू नका." आणि डोळे मिटून आत गेले.

आजी कोपऱ्यात गोळा होऊन बसल्या होत्या. "पायांत जीवच नाही हो."

"माझ्याही नव्हता," ते त्यांच्याशेजारी टेकत म्हणाले. "मी इथं दीड दिवस होतो."

दारात उभी लेक हे पहिल्यांदाच ऐकत होती.

"मग बाहेर कसे आलात?"

"दार उघडलं तेव्हा, रांगत. चला, आपण दोघं रांगू. लाज कसली!"

आणि दोघं खरंच रांगत बाहेर आले.

लेकीनं दुपारची फेरी रद्द केली. बापलेक बँकेच्या पायऱ्यांवर उन्हात बसले. ती विचारत राहिली, ते सांगत राहिले.