पट्ट्यापासूनची रेघ

"बाबा, गिरणी चालावी म्हणून तुम्ही लिंबानीचं बोलणं विकलंत का?"

झिओनेने हे विचारलं ते भर रांगेत, गिरणीची घरघर थांबल्याबरोबर. तियामिके आणि म्वायी या मैत्रिणींनी पैज लावून तिला चढवलं होतं. "वादविवादात हेडमास्तरांची बोलती बंद करतेस ना? मग घरी विचारून दाखव!" थोंडवे गावच्या बाजारात ही कुजबुज जुनीच. मांत्रिकाचं औषध घेतलं की धंद्याला बरकत येते, पण घरातलं एक लेकरू मुकं होतं. तिचा धाकटा भाऊ लिंबानी सहा वर्षांचा होऊनही बोलत नव्हता, आणि मक्याचं दळण घेऊन येणाऱ्या बायकांची रांग पार रस्त्यापर्यंत जायची. लोकांनी दोन्हीची गाठ मारून टाकली होती.

बाबांनी पापण्यांवरचं पीठ पुसलं. "कोण म्हणतं असं?" त्यांनी विचारलं. 'नाही' म्हणाले नाहीत. रांगेवर एकदा नजर फिरवली, कोण कोण ऐकतंय ते बघितलं.

आई धावत आली. "तोंडाचा पट्टा आवर गं बये! गिरणीचा एक आहे तेवढा बास."

गिरणीचा तो पट्टा हीच तर खरी भीती होती. तो फिरायला लागला की लिंबानी असेल तिथून सुटायचा, आणि पट्ट्यापासून वीतभर अंतरावर नाक नेऊन पंजे फडफडवत उभा राहायचा. दोनदा बाबांनी त्याला सदऱ्याला धरून मागे ओढला होता. ओरडून उपयोग नव्हता. मारलं तर तो मारणाऱ्याचाच हात धरून आपल्या कानावर दाबून घ्यायचा. त्यावर काय करणार?

पैज जिंकली, पण उत्तर काही मिळालं नाही, म्हणून झिओने लिंबानीला घेऊन दवाखान्यात गेली. तिथल्या सिस्टर नाम्बेवे बोलायला फटकळ होत्या. "कुणी काही विकलेलं नाही. याला ऑटिझम म्हणतात. मूल जन्मतःच तसं असतं. आता रडणारेस की कामाला लागणारेस?"

"कामाला."

"मग ऐक. हद्द एकच ठेव, पण डोळ्यांना दिसेल अशी. घरातल्या सगळ्यांनी शब्द तेच वापरायचे, आवाज न चढवता. आणि हद्द कधी ओलांडायची हेही त्याला कळलं पाहिजे. नुसतं अडवायचं असेल तर दोरीनं बांधूनसुद्धा अडवता येतं, नाही का?"

झिओनेने पहिली रेघ कोंड्याची मारली. ती कोंबड्यांनी खाल्ली! दुसरी राखेची, गिरणीच्या पट्ट्यापासून चार पावलांवर. "रेघ. इथे बस," एवढंच ती म्हणायची आणि स्वतःही मांडी घालून बसायची. पहिल्या दिवशी तो अकरा वेळा पळाला, अकरा वेळा तिने त्याला परत आणला. संध्याकाळी बाबांनी यंत्र बंद केलं की ती म्हणायची, "पट्टा झोपला." मग हात धरून दोघं रेघ ओलांडायची आणि गार पडलेल्या पट्ट्यावर तो गाल टेकायचा. तीन आठवड्यांनी लिंबानी धावत आला, रेघेपाशी गपकन थांबला आणि आपणहून खाली बसला. झिओनेने अशी काही किंकाळी फोडली की रांगेतल्या एका म्हातारीच्या डोक्यावरची टोपली पडली.

"भूत बघितलंस का गं?" म्हातारी वैतागली.

"भूत नाही, आजी! माझा भाऊ!"

अंगण रोज पहाटे झाडलं जायचं, त्यामुळे रेघ रोज नव्याने मारावी लागे. परीक्षा आल्यावर ते काम आईने घेतलं. चार पावलांची सहा झाली. "धूळ उडते गं त्याच्या डोळ्यांत," आई म्हणाली. मग आंब्याच्या झाडाची सावली बरी, म्हणून रेघ झाडामागे गेली. झिओनेला खटकलं नाही असं नाही. पण ब्लांटायर शहरातल्या वादविवाद स्पर्धेसाठी शाळेकडून तिची निवड झाली होती आणि तिचे पाय जमिनीवर नव्हते.

आठ दिवसांनी ती परतली, पदक ब्लाऊजवरच लावून. गिरणीपुढे रांग होती, पण झाडामागे कुणी नव्हतं.

"लिंबानी कुठाय?"

"आहे की मागे. इतका गुणी झालाय!" आई कौतुकाने म्हणाली. "दिवसभर हूं नाही की चूं नाही. तुझ्या रेघेनं जादू केली बघ."

घरामागे संडासाच्या भिंतीलगत राखेचं एक रिंगण होतं, सुपाएवढं. लिंबानी त्यात गुडघे छातीशी घेऊन बसला होता. भिंतीची सावली केव्हाच सरकून हातभर पलीकडे गेली होती आणि तो टळटळीत उन्हात होता. ओठ फुटलेले, चड्डी ओली होऊन सुकलेली. न्सिमाची, मक्याच्या उकडीची ताटली रिंगणाबाहेर होती, माशा घोंगावत होत्या. हात लांब केला असता तर पोचला असता. त्याने तो केला नव्हता.

"लिंबू, पट्टा झोपला," ती म्हणाली.

तो हलला नाही. आठ दिवसांत ते शब्द त्याला कुणी म्हटलेच नव्हते.

तिने चपलेने राख पुसली. लिंबानी घशातून ओरडला, खाली वाकला आणि दोन्ही हातांनी राख गोळा करून त्याने रिंगण पुन्हा जुळवलं. अगदी नीट, बोटाने कड सारखी करत. मग परत गुडघे जवळ घेतले.

झिओने त्याच्यासमोर, राखेच्या पलीकडे बसून राहिली. घास घेऊन हात आत नेला तेव्हा तो खाऊ लागला.

बाबा हात पुसत आले. "तो दिसत नाही, तर लोक बोलतही नाहीत. आठ दिवसांत एकीनंसुद्धा विचारलं नाही. त्यालाही बरं, आपल्यालाही बरं."

"ऊन लागलंय त्याला."

"हाक मारायची ना मग त्यानं..." बोलता बोलता बाबा थांबले.

झिओने उभी राहिली. व्यासपीठावर उभी राहायची तशीच, पण आवाज न चढवता.

"मी ठरवलंय. उद्या बाजाराचा दिवस. दळणाच्या टोपल्या मी घेईन आणि लिंबानी माझ्याशेजारी बसेल. सगळ्यांसमोर. या रिंगणातून बाहेर यायला त्याला किती दिवस लागतील मला माहीत नाही. तो ओरडला तर ओरडू दे. रेघ मीच मारणार, पट्ट्यापासून चार पावलांवर. माणसांपासून लांब ठेवणारी रेघ मी त्याला शिकवली नव्हती."