बुधीचे नाव

जव्हारच्या आमच्या मंडळाने पंच्याहत्तरीनिमित्त इतिहासाची स्मरणिका काढायचे ठरवले. इतिहास म्हणजे संस्थान, राजवाडा आणि कार्यकारिणीचे फोटो. फोटोंनाच बावीस पाने. मुद्रिते तपासायला मला घेतले, कारण मी निवृत्त शिक्षक, फुकट मिळणारा आणि न भांडणारा.

मी भीतभीत दोन पाने लिहून दिली. ब्याण्णव-त्र्याण्णव साली वावर गावाच्या पलीकडे ज्या पाड्यावर मी शिकवत होतो, तिथली अकरा मुले भुकेने गेली. त्यांची नावे.

अध्यक्ष सर्वेशशेठ रंगाचे व्यापारी. त्यांनी पाने दोन बोटांत धरली.

“मास्तर, समारंभाच्या पुस्तकात मयतांची यादी?”

“इतिहास आहे,” मी म्हणालो. बहुधा कुणाला ऐकू गेले नाही.

“‘साथीच्या आजारात काही बालके दगावली.’ एवढी ओळ टाका. कुणी दुखावणार नाही.”

“कोण दुखावेल? मेलेली पोरं?” चिटणीस नेत्राताईंनी विचारले. त्या माझ्या बाजूने आहेत असे वाटेपर्यंत त्यांनी चहा मागवला.

“आणि यादी खरी कशावरून?” शेठ म्हणाले. “आयांकडून खात्री करून आणा, मग बघू.”

या वयात मी जाणार नाही, असा त्यांचा हिशेब. माझाही तोच होता. तरी दुसऱ्या दिवशी एसटीत बसलो आणि वाटभर त्या मंडळींची मनातल्या मनात टर उडवत राहिलो. माझ्याजवळ बालवाडीच्या पटाची माझ्या हातची नक्कल होती. मला कोण खोटे पाडणार?

पाड्यावर त्या अकरांतल्या एकीची आई, रामी, दारात मोहाची फुले वाळत घालत होती. मजुरीने वाकली होती, पण तिने मला ओळखले. मी यादी वाचू लागलो, अगदी वर्गात वाचावी तशी. सातव्या नावाला तिने थांबवले.

“योगिता कोन, गुरुजी?”

“तुमची मुलगी, रामीबाई.”

“माझी योगिता नाय मेली. माझी बुधी मेली.”

मग आठवले. पाड्यावर मूल ज्या वारी जन्मले त्या वाराचे नाव. पटावर घेताना मी म्हणालो होतो, “बुधी हे काय नाव झालं? जरा बरं नाव देऊ.” अशी बरी नावे मी साऱ्या बालवाडीला वाटली होती. शेठ मुलांची भूक पुसायला निघाले होते. मी मुलेच पुसून बसलो होतो, तीही वळणदार अक्षरात.

“बुधी म्हनलं की ती धावत यायची,” रामी म्हणाली. “योगिता म्हनून हाक मारली तर कोन येल? आन् ताप नव्हता तिला. घरात दाना नव्हता. लिवा.”

मी लिहिले. नऊ नावे तिने दुरुस्त केली. उरलेल्या दोघांची नावे तिला आठवेनात, आणि त्यांच्या घरची माणसे वीटभट्टीवर गेली होती.

पुढच्या बैठकीत शेठ खूश झाले. “म्हणजे पहिली यादी चूक! आणि हे आमच्या चुका काढणार!” सगळे हसले.

“चूक माझी होती. तीही लिहिली आहे, माझ्या नावासकट.”

शेठनी कागदावर नजर फिरवली. “बुधी हे काय नाव झालं? छापायचंच तर जरा बरं नाव द्या.”

तेहतीस वर्षांपूर्वीचे माझेच वाक्य. फक्त माझ्या अंगात तेव्हा स्वच्छ सदरा होता आणि मनात परोपकार.

“बुधीच,” मी म्हणालो. “आणि भुकेनेच. नाहीतर स्मरणिकेतून माझं नाव काढा.”

या खेपेला ऐकू गेले असावे. नेत्राताईंनी कप खाली ठेवला.

“काढू की,” शेठ म्हणाले.

त्या दोन पानांवर आता शेठच्याच रंगांची जाहिरात आहे. निघताना नेत्राताईंनी यादीची प्रत मागून घेतली. कशासाठी ते सांगितले नाही, मीही विचारले नाही.

मूळ कागद माझ्याकडे आहे. त्यावर बुधी पहिली. वीटभट्टीवरची माणसे पावसाआधी परततात, तेव्हा पुन्हा पाड्यावर जाईन. दोन नावे अजून मीच ठेवलेली आहेत.