पाठमोरे भाऊराव

"दुर्गे, मान वर कर ना वं." शालिकरामने कॅमेऱ्यामागून पुन्हा विनवलं. दुर्गाने पदर आणखी खाली ओढला.

आता काय म्हणावं! नवऱ्याचा डबा घेऊन कारखान्याच्या गेटावर निघालेली बाई भोंगा ऐकते आणि मान वर करून भट्टीच्या धुराकडे बघते, एवढ्यावर फिटर शालिकरामचा अख्खा सिनेमा उभा होता. कॅमेरा उसना, कारखान्यातल्या रशियन साहेबाचा. साहेब उद्या मायदेशी निघालेला. फिल्म उरली होती ती या एका शॉटपुरती.

चूक खुद्द डायरेक्टरसाहेबांची होती. दुर्गाच्या चेहऱ्यावर ऊन पाडायला चकचकीत पत्रा धरून उभे होते भाऊराव, शालिकरामचे थोरले भाऊ, कुम्हारीकडचे रेल्वेचे गँगमन. आईबापाविना पोरक्या शालिकला त्यांनीच वाढवलं. सिनेमाचं खूळ डोक्यात शिरलं तेव्हा सगळे हसले. भाऊराव मात्र दर सुट्टीला पत्रा धरायला हजर. आणि भासऱ्यापुढे, म्हणजे थोरल्या दिरापुढे, तोंड उघडं टाकायचं नाही, हे दुर्गा माहेरून शिकून आलेली. लग्न झाल्यापासून तिचा चेहरा त्यांनी पाहिला नव्हता. शालिकरामला ऊन दिसलं, धूर दिसला, एवढं मात्र सुचलं नाही.

भाऊरावांच्या ते ध्यानात आलं. ते वळले, दुर्गाकडे पाठ केली आणि चकचकीत बाजू मागे करून पत्रा डोक्यावर धरला.

"आता सांग तिले. मी पाहून नाही राहिलो. पत्रा कुठं वळवू, तेवढं बोलत जाय."

शालिकराम सांगत गेला, पत्रा कलत गेला. ऊन पदरावर आलं. मग दुर्गाने मान वर केली आणि शालिकरामला गलबलून आलं. आपली बायको एवढी सुंदर आहे, हे त्याला आजवर ठाऊकच नव्हतं.

फिल्म मुंबईहून धुऊन आली. खुर्सीपारच्या कामगारवस्तीतल्या मैदानात, दिवेलागणीला, दोन बांबूंना चादर बांधली. शालिकरामने भाऊरावांना सगळ्यांत पुढे खुर्ची दिली. मुंबईचे सिनेमावाले बोलावोत न बोलावोत, दादाने एकदा चांगलं म्हणावं, एवढाच त्याचा हट्ट होता.

चादरीवर डबेवाली बाई चालू लागली. गेट जवळ आलं, तसे भाऊराव उठले. खुर्ची फिरवली आणि चादरीकडे पाठ, लोकांकडे तोंड करून बसले. पुढ्यात वस्तीतली भागाबाई, बाबुलाल, सगळी चादरीकडे डोळे लावून. प्रोजेक्टरपाशी उभ्या शालिकरामला ते समोरच दिसत होते.

लोक पांगल्यावर तो जवळ जाऊन बसला.

"कावून दादा? एकडाव तरी पाहाचं होतं. तुह्यासाठीच केलं होतं मी."

"चादरीवर असली तरी सूनबाईच ना रे ते." भाऊराव पायांत चपला सरकवत म्हणाले. "भागाबाई रडून राहिली होती. बाबुलालची बिडी हातातच विझली. म्हणजे चांगलंच झालं असन."

दोघं रुळांच्या दिशेने चालू लागले. बरंच पुढे गेल्यावर भाऊरावांनी हळूच विचारलं,

"ऊन बराबर पडलं होतं ना रे तिच्या तोंडावर?"