दोन पुरुष खोल

या, असे जवळ सरकून बसा; दाराच्या फटीतून वारा येतो, तो पाठीला लागायला नको. माझ्या इनॉक काकाची गोष्ट सांगते. आमच्या चर्चचे पाळक सायलस रविवारी अर्धं प्रवचन बोलतात आणि अर्धं गातात. ते गाऊ लागले की बाकांवरच्या म्हाताऱ्यांचे पाय आपोआप ताल धरतात. तसा गळा देवाने मला दिला नाही, तरी ऐका.

काका समुद्राच्या बर्फावर उभा होता आणि मला सांगत होता, "टबिथा, बूट काढ आधी. स्वयंपाकघरात उभी आहेस तू. काकू बोलेल."

एप्रिल महिना होता; आमच्या उत्तरेकडच्या गावात तेव्हाही समुद्र गोठलेलाच असतो. पायाखाली पुरुषभर जाडीचा बर्फ आणि त्याच्याखाली पाणी. बावीस वर्षांपूर्वी तिथे जमीन होती आणि तिच्यावर काकाचं घर; पुढे किनारा ढासळला आणि समुद्र आत आला. चर्चचं टोक आणि मागच्या टेकडीचा माथा एका रेषेत धरून त्याने जागा अचूक काढली. इथे शेगडी, इथे केझिया काकूचं शिवणयंत्र आणि इथे ती खिडकी, जिच्यातून ती उन्हाळ्यात पांढऱ्या देवमाशांची वाट बघायची. लहानपणी मी त्या खिडकीत बसून सुका मासा चघळलेला आहे. मी बूट काढल्यासारखं केलं. काका हसला, पण थोडंच.

तो आमच्या गावाची तळघरं खणायचा. मांस टिकवायला आमच्याकडे गोठलेल्या जमिनीत विहिरीसारखं खोल खणतात. चाळीस वर्षं ते काम त्याचंच. काकू गेली तेव्हा तिची कबरही त्याने एकट्याने खणली, इतरांच्यासारखी छातीएवढी नव्हे, तळघरासारखी दोन पुरुष खोल. मला समुद्रापासून हलवू नको, असं ती शेवटच्या आजारात म्हणाली होती. त्याने हो म्हटलं होतं.

आता समुद्रकाठचा कडा ढासळत ढासळत कबरींपासून दहा पावलांवर आला होता. सगळ्या घरांनी आपली पुरलेली माणसं टेकडीवर हलवायला होकार दिला. फक्त काकाचा राहिला. चर्चच्या बैठकीत तो म्हणाला की वरून समुद्र गेला तरी केझिया खाली गोठलेल्या जमिनीत सुखरूप राहील. समुद्राचं पाणी तर बर्फाहून थंड. ते काय वितळवणार? कुणी हसलं नाही. गोठलेल्या जमिनीबद्दल काकाला शिकवणारं गावात कोण होतं? पाळक सायलस एवढंच म्हणाले की बाबा, तुझ्या घराची जमीन समुद्राखाली अजून गोठलेली आहे का, स्वतः बघून ये. तुझा हात सांगेल ते आम्ही मानू.

वीब्के नावाची एक जर्मन संशोधक तेव्हा समुद्राखालची जमीन मोजायला आली होती. तिचं यंत्र थंडीने रुसलं होतं, म्हणून लोखंडी गज काकाच्या हातात आला. बर्फाला भोक पाडून आम्ही पहिला गज सोडला. तो पाण्यातच संपला. त्याला दुसरा जोडला, तो चिखलात शिरला. काका वरून हातोडी मारायचा आणि हातमोजे काढून उघडा तळवा गजाला लावायचा. घर होतं तेव्हा शेवाळाखाली हातभर खणलं की कुदळ गोठलेल्या जमिनीवर टणकन वाजायची. तिसरा गज लोण्यात सुरी जावी तसा गेला.

"लागलं का?" वीब्केने पेन्सिल सरसावून विचारलं.

काकाने तळवा गजावर तसाच ठेवला. गजातलं बोलणं त्याच्या तळव्यालाच कळत होतं. आम्हा दोघींना नव्हे. त्याने नुसतं 'लागलं' म्हटलं असतं, तर कागदावर ते उतरलं असतं आणि काकू जिथल्या तिथे राहिली असती. देवाशपथ सांगते, त्याने तसं म्हणावं असं मला वाटलं.

"नाही लागलं," काका म्हणाला. "अजून एक जोड."

चौथा गज जवळजवळ पुरता आत गेल्यावर त्याने लागल्याची मान डोलावली. चिखलच दोन पुरुषांहून खोल होता. वीब्केने हळू आवाजात समजावलं की पाणी थंड असतं हे खरं, पण त्यातलं मीठ दरवर्षी खाली मुरत जातं आणि जमिनीतला बर्फ सुटत जातो.

काकाने हातमोजे चढवले. "मीठ," तो म्हणाला. "वीस वर्षं चर्चच्या पायऱ्यांवरचा बर्फ वितळवायला मीच टाकतोय की गं. आणि हे मला कळू नये."

रविवारी पाळकांचं गाणं संपल्यावर तो उभा राहिला आणि म्हणाला, मी चुकलो, तिला हलवा. एवढं बोलून बसला.

ऑगस्टमध्ये कबर उघडताना त्याने खणायचं यंत्र जवळ येऊ दिलं नाही. पाच दिवस आम्ही पुतणे-पुतण्या वरची माती ओढत राहिलो. खालचं खणणं त्याचं. पेटी वर आली, टेकडीवर गेली, प्रार्थना झाली. बाकीचे चहाला वळले, तर काका पुन्हा कड्याकडे निघाला. मी मागे गेले. तो रिकामा खड्डा भरत होता. मी म्हटलं, काका, एक-दोन वर्षांत हे सगळं समुद्रच नेणार, कशाला कंबर मोडून घेतोस?

"उघडं टाकून जातात का?" तो म्हणाला.

संध्याकाळपर्यंत त्याने खड्डा भरला. मग शेवाळाचे तुकडे एकेक करून वर बसवले, सांध्यांवर तळव्याने थोपटलं, आणि शेवटी गुडघे टेकून त्यावरचे खडे वेचले.

ती जागा पुढच्याच वर्षीच्या वादळात गेली. काकाही आता नाही. तुम्ही प्रार्थनेला बसाल तेव्हा आपल्या माणसांची नावं घेऊन झाली की आमच्या इनॉकचंही एकदा घ्या.