काचेचं क्लच कव्हर

आमची कृत्तिका बारशापासून मोटारसायकलच्या क्लचमध्ये राहते.

गाडी घराच्या पुढच्या सोप्यात साइड स्टँडवर डावीकडे कललेली उभी असते. उजव्या अंगाला इंजिन उघडं आहे, आणि तिथे क्लचच्या गोल डब्यात प्लेटींना पाठ टेकून ती झोपते. अंग तेलकट असतं, पण तान्ही मुलं तशीही तेलकटच असतात. थोड्या थोड्या वेळाने मी तिच्या नाकाशी बोट धरते. श्वास लागतो, कोमट, पेट्रोलचा किंचित वास असलेला. मग मी उठते, पाणी पिते, आणि परत येऊन बोट धरते.

हे कसं झालं ते सगळ्यांनी पाहिलं. बारशाला भाड्याचा पाळणा येणार होता, तो आलाच नाही. बायका नटूनथटून बसलेल्या, मुहूर्त टळायला आलेला. माझ्या नणंद हेमाताई म्हणाल्या, "पाळण्याचं काय एवढं घेऊन बसलात? हलणारं काहीतरी पाहिजे ना? गाडीला शॉकअप आहेत." गाडीला झेंडूची माळ घातली गेली. मग पाळण्याच्या वरून-खालून मूल फिरवतात तसं कृत्तिकेला गाडीच्या वरून-खालून फिरवायला सुरुवात झाली. टाकीवरून हेमाताईंनी द्यायची, इंजिनाखालून शेजारच्या काकूंनी घ्यायची. क्लचचं कव्हर तडकलं होतं म्हणून वेल्डिंगला दिलेलं, त्यामुळे ती बाजू उघडीच होती. मुलगी वरून गेली, खालून आली. पुन्हा वरून गेली. खालून आली नाही. काकू हात पसरून तशाच बसून राहिल्या. हेमाताईंनी इंजिनाला तोंड लावून नाव सांगितलं, कुर्र केलं. बायकांनी त्यांच्या पाठीत धपाटे घातले आणि घुगऱ्या वाटल्या.

तिला बाहेर काढायचा प्रयत्न मी केला. स्प्रिंगा सोडल्या, प्लेटी एकेक काढून कागदावर मांडल्या. प्लेटी काढल्या की ती दिसेनाशी होते. परत बसवल्या की असते. दुसऱ्यांदा मी ते करून बघितलं नाही.

दूध मी बोंडल्याने पाजते. थोडं सांडतं. प्रसन्नने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, एकदा वाकून पाहिलं आणि म्हणाला, "ऑइलमध्ये पाणी गेलंय."

"पाणी नाही, दूध आहे."

"तेच ते," तो म्हणाला.

आमच्या घरात सगळ्याला कव्हर असतं. सासूबाईंना, मी त्यांना आईच म्हणते, क्रोशाचा नाद. मिक्सरला कव्हर, फ्रिजच्या मुठीला कव्हर, गॅसच्या टाकीला झालरीचं कव्हर, रिमोटला पिशवी. एकदा घातलेलं काढायचं नाही, वरूनच ओल्या फडक्याने पुसायचं. आणि काढलं नाही की खालची वस्तू हळूहळू घरात मुरते. शिलाई मशीनचं आधी टेबल झालं, मग भिंत झाली. मी माहेराहून बाजाची पेटी आणली होती. तिला आईंनी हौसेने निळं कव्हर विणलं, आणि आता ती माडीच्या जिन्याची पायरी आहे. पाय पडला की एक सूर येतो. सगळे त्या पायरीवरून जातात, मी ती ओलांडते.

म्हणून वेल्डिंगचं कव्हर परत आलं तेव्हा मी हातातलं बोंडलं खाली ठेवलं. कंपनीचं कव्हर, काळं, जाड, बंद. प्रसन्नने ते कृत्तिकेसमोर धरून पाहिलं.

"एकदम फिट. संध्याकाळी बसवतो. सोमवारी मला कामावर गाडी पाहिजे."

"ते बसवलंस तर ती मला दिसणार नाही."

"आवाज येईल की."

"शिलाई मशीनचा येतो का?"

त्याने भिंतीकडे पाहिलं. "कुठलं मशीन?"

आई आतून म्हणाल्या, "अगं, तान्हं मूल असं उघड्यावर टाकतात का? येणारा-जाणारा बघतो. दृष्ट लागते. झाकलेलं बरं."

"मी तिला झाकू देणार नाही," मी म्हटलं.

हे मी मोठ्याने म्हटलं. छत वीतभर खाली आलं. कुणी वर बघितलं नाही. प्रसन्नने फक्त मान थोडी वाकवली आणि चहा प्यायला.

मी जुन्या खोक्याचा पुठ्ठा घेतला, त्यावर काळं कव्हर ठेवून पेन्सिलीने आकार काढला, बोल्टची भोकं पाडली आणि निघाले. शेजारच्या काकूंना गाडीजवळ बसवलं. "नाकाशी बोट धरत राहा," म्हणून सांगितलं. त्यांचे हात बारशापासून पसरलेलेच होते, त्यामुळे त्यांना ते अवघड गेलं नाही.

मगदूमांचं स्पेअर पार्ट्सचं दुकान रस्त्यावरून एवढंसं दिसतं, पण आतलं काउंटर चालत राहिलं तरी संपत नाही. मी अलीकडून चालले, मगदूम पलीकडून माझ्या बरोबरीने चालत होते. भिंतीवर कव्हरं टांगलेली, सगळी तोंडं भिंतीकडे करून.

"साहेबांना पाठवायचं की ओ ताई. बायकांना ह्यातलं काय कळणार?"

"साहेबांना बंद कव्हर पाहिजे. मला दिसणारं पाहिजे."

"दिसणारं? झाकण कशासाठी असतंय मग?" ते हसले. "बरं, हे बघा. सोनेरी. पोरं लई नेतात. हे कार्बनचं."

मी नख लावलं. "कार्बन नाही, वरून चिकटवलेला कागद आहे."

"मग हे घ्या जाड. गाडी पडली तरी ओरखडा नाही. आतलं कसं आहे ते जन्मात कुणाला कळायचं नाही."

मी पुठ्ठा लावून पाहिला. भोकं जुळत होती, किकच्या दांड्याचं भोकसुद्धा. मग त्या जाड कव्हरामागे बोट धरलं. बाहेर काढलं तेव्हा ते बोट नव्हतं, खुंटी होती. मगदूमांनी सहज तिला पिशवी अडकवली. जरा वेळाने बोट परत आलं, थंडगार.

त्यानंतर मी प्रत्येक कव्हर तसंच पाहिलं. सोनेरीमागे बोटाची कडी झाली. जाळीच्या कव्हरामागे बोट राहिलं, पण जाळीतून ऑइल वाहून जाईल आणि ती कोरडी पडेल. शेवटी कोपऱ्यात एक होतं, ॲल्युमिनियमच्या कड्यात गोल काच बसवलेलं. काचेमागे माझं बोट माझंच दिसत होतं, नखातल्या तेलासकट.

"हे द्या."

"ते कंपनीचं नाही. नुसतं दाखवायला लावतात. काच फुटली तर इकडं यायचं नाही, आधीच सांगतो."

"येणार नाही."

"पॅकिंग मिळत नाही त्याचं."

"मी कापीन."

मगदूम थांबले. एवढा वेळ चालून आम्ही दुकानाच्या दारातच होतो. "ताई, आतलं सगळं दिसतंय त्यातनं. लोकांना बघवत नाही."

"लोकांनी बघू नये," मी म्हटलं, आणि पिशवीशिवाय, सगळ्यांना दिसेल असं कव्हर हातात धरून घरी आले.

घराचं दार अरुंद झालं होतं. मला आडवं होऊन शिरावं लागलं. सोप्यात गाडीभोवती एका माणसाएवढीच जागा उरली होती. काकू भिंतीला चिकटल्या होत्या. "चालू आहे श्वास," एवढं सांगून त्या कशाबशा दारातून निसटल्या. प्रसन्न जिन्यावर गुडघे पोटाशी घेऊन मोबाइल बघत होता. त्याच्या वरच्या पायरीवर आई पांढरा दोरा विणत होत्या. मोठं काहीतरी होतं, फ्रिजपेक्षा बारीक, सिलिंडरपेक्षा उंच.

"हे कशाला?" मी विचारलं.

"ये इकडे, खांद्याचं माप दे जरा." हेमाताई म्हणाल्या. त्या टेप घेऊन उभ्याच होत्या.

"माझे हात तेलकट आहेत."

"असू देत. आतच जाणार आहेत," आई म्हणाल्या.

मी माप दिलं नाही. गाडीपाशी खाली बसले. निघण्याआधी तसाच दुसरा पुठ्ठा कापून त्यात मी जुने बोल्ट ज्याच्या त्याच्या भोकात खोचून ठेवले होते, कारण काही लांब असतात, काही आखूड. तो पुठ्ठा रिकामा होता.

"बोल्ट कुठायत?"

"घासून ठेवले," हेमाताई म्हणाल्या. "चिंच लावून. किती काळे झाले होते ते!" त्यांनी वाटी पुढे केली. सगळे बोल्ट एकत्र, पितळेच्या देवांसारखे चकचकीत.

मला ओरडायचं होतं. लांब बोल्ट आखूड भोकात गेला तर त्याचं टोक आत घुसतं, आणि आत ती आहे. पण ओरडले असते तर छत आणखी खाली आलं असतं. मी उदबत्तीची काडी घेतली, प्रत्येक भोकात घालून खोली मोजली, आणि काडीशेजारी बोल्ट धरून एकेक वेगळा केला. हेमाताई वाकून बघत होत्या. "बी.एस्सी.चा उपयोग झाला म्हणायचा," त्या म्हणाल्या.

इंजिन आणि कव्हर यांच्यामधलं जुनं कागदी पॅकिंग मी नखाने खरवडलं. नव्यासाठी बारशाची उरलेली पत्रिका इंजिनाच्या कडेवर धरली आणि लाटण्याच्या टोकाने ठोकत गेले. कड उमटली तसा कागद तुटत गेला. 'अगत्य येण्याचे करावे' ही ओळ बरोबर किकच्या दांड्याखाली आली. ऑइलचं बोट फिरवून मी कागद बसवला, वर काचेचं कव्हर धरलं. कृत्तिका जागी होती. काच लागताना तिने जीभ बाहेर काढली.

"हे कसलं?" प्रसन्न म्हणाला. "माझी गाडी आहे. त्यात माझं कव्हर बसेल."

"मुलगी माझी आहे. तिला माझं बसेल."

"आपली म्हण," आई म्हणाल्या.

"आपली असती तर तुम्ही पण नाकाशी बोट धरलं असतं."

आईंची सुई चालू राहिली.

बोल्ट समोरासमोरचे आवळायचे असतात, एक वरचा, एक खालचा, नाहीतर कव्हर तिरकं बसतं. मी वरचा आवळला, समोरची भिंत जवळ आली. खालचा आवळला, पाठीमागची आली. माझी वेणी भिंतीत अडकली, ती मी ओढून काढली. प्रसन्नने गुडघे आणखी वर घेतले. हेमाताई आडव्या झाल्या आणि कपाट व फ्रिज यांच्या फटीत टेपसकट व्यवस्थित मावल्या. या घरातल्या माणसांना जागा कमी पडली की ती बारीक होतात.

"आणखी आवळ," प्रसन्न म्हणाला. "गळेल."

"आणखी आवळलं तर आटे जातील."

"जाऊ देत. घट्ट पाहिजे."

"नको," मी म्हटलं. "एवढंच."

पाना खाली ठेवला. मी गाडी सरळ केली. ऑइल उजवीकडे आलं, काचेच्या निम्म्यापर्यंत चढलं आणि तिथेच थांबलं. कृत्तिका त्यात कमरेपर्यंत बसली होती. पॅकिंगच्या कडेवर मी बोट फिरवलं. कोरडं होतं. आता नाकाशी बोट धरता येणार नव्हतं, पण काचेवर आतून वाफेचा एक ठिपका येत होता आणि जात होता.

आई उठल्या. पांढरं कव्हर पूर्ण झालं होतं. त्यांनी ते झटकून उघडलं. त्याला हातांची भोकं नव्हती.

"तोंडाला जाळी ठेवलीय हो," त्या समजुतीने म्हणाल्या. "शिकलेली आहेस. तुला बोलायचं असतं."

मी गाडीवर बसले. आईंनी माझ्या डोक्यावरून कव्हर घालायला हात वर केले, पण छत खाली आल्यामुळे ते पुरते वर जाईनात.

"कुठे निघालीस?" प्रसन्नने विचारलं. "दारातून हँडलसुद्धा जायचं नाही."

"दिसतंय मला."

किक मारली. पहिलीत नाही, पण दुसरीत गाडी चालू झाली. हँडलवरचा डावा, क्लचचा लिव्हर दाबला तसं काचेत प्लेटी एकमेकींपासून सुटल्या, आणि मधल्या फटीत कृत्तिका शिरली. बारशानंतर पहिल्यांदा तिने हातपाय ताणले. मी गिअर टाकला.

"आता सोडू नकोस," प्रसन्न म्हणाला. मी त्याला इतक्या हळू बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "सोडलास तर प्लेटी मिटतील. चिमटेल ती."

"सोड," आई म्हणाल्या. "हात आत घे, म्हणजे मला हे खाली ओढता येईल."

पांढऱ्या दोऱ्याची कड माझ्या कपाळाला लागली होती. बोटं दुखायला लागली होती. मी उजवीकडे वाकून काचेत पाहिलं. कृत्तिकेची पाठ एका प्लेटीला होती, दोन्ही तळवे समोरच्या प्लेटीला. ती माझ्याकडे बघत नव्हती, कामात होती.

मी लिव्हर केसभर सोडला. तिने गुडघे थोडे वाकवले. आणखी केसभर. तिची पाठ ताठ झाली, चेहरा लाल झाला, आणि तिने पाय रेटले.

गाडी जागची हलली नाही. घर हललं. आधी कपाळावरची दोऱ्याची कड निघून गेली, मग हात वर धरलेल्या आई, मग जिना आणि त्यावरचा प्रसन्न, मग फटीतल्या हेमाताई, भिंती, दाराची चौकट, सगळं माझ्या दोन्ही बाजूंनी मागे सरकत गेलं आणि गल्लीच्या वळणाशी लहान होत थांबलं. तिथून कुणीतरी हाक मारत होतं. माझ्या मानेवर ऊन पडलं. लिव्हर अजून अर्ध्यातच होता, आणि काचेमागे तिने एक पाय प्लेटीवरून उचलून पुढच्या पावलासाठी हवेत धरला होता.